जनरल मोटर्स आणि इलेक्ट्रिक गाड्या : जुनी कंपनी बदलणं इतकं अवघड का असतं?

टेस्लासारखी नवी कंपनी इलेक्ट्रिक गाडी बनवते तेव्हा तिची पाटी कोरी असते. जुन्या कंपनीची पाटी भरलेली असते. इंजिनांचे कारखाने, गिअरबॉक्सचे कारखाने, डीलर, हजारो कामगार, सगळं आधीचंच. ते बंद केलं तर पैसा कुठून आणायचा? आणि चालूच ठेवलं तर बदल कधी होणार? या लेखात मी हे कोडं एका खऱ्या कंपनीवरून समजावून सांगतो. कंपनी आहे अमेरिकेची जनरल मोटर्स, म्हणजेच जीएम. शेवरले, कॅडिलॅक आणि हमर हे तिचेच ब्रँड.

मेरी बारा कोण आहेत?

जीएमची स्थापना १९०८ साली मिशिगन राज्यात झाली. जानेवारी २०१४ पासून मेरी बारा तिच्या सीईओ आहेत. जगातल्या एखाद्या मोठ्या कार कंपनीच्या त्या पहिल्या महिला प्रमुख. १९८० मध्ये, १८ व्या वर्षी, शिकता शिकता त्या जीएममध्ये कामाला लागल्या. गाडीचे पत्रे नीट बसलेत का ते तपासायचं, हे त्यांचं पहिलं काम. वडीलही जीएमच्याच पाँटिॲक कारखान्यात कामगार होते. थोडक्यात काय, कंपनी बदलणारी व्यक्ती बाहेरून आलेली नाही, आतच वाढलेली आहे.

जीएमने इलेक्ट्रिक गाडी आधी बनवली नव्हती का?

बनवली होती, आणि तीही टेस्लाच्या जन्माआधी! १९९६ मध्ये जीएमने ईव्ही१ ही गाडी आणली. ती विकत मिळत नव्हती, फक्त भाड्याने मिळायची. सुमारे ११०० गाड्या बनवल्यावर कंपनीने उत्पादन थांबवलं, गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चक्क भंगारात काढल्या. पुढे २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सरकारी मदतीने उभी राहिली. २०१६ च्या शेवटी शेवरले बोल्ट आली. एका चार्जमध्ये २३८ मैल, म्हणजे सुमारे ३८३ किमी.

अल्टियम म्हणजे काय?

२०२० मध्ये जीएमने अल्टियम हा बॅटरी प्लॅटफॉर्म दाखवला. अँड्रॉइड जसं वेगवेगळ्या फोनवर चालतं, तसाच हा प्रकार. सपाट सेल एकत्र करून मॉड्यूल बनतं आणि मॉड्यूल जोडून बॅटरी पॅक. लहान गाडीत कमी मॉड्यूल, हमरसारख्या धिप्पाड गाडीत जास्त. प्रत्येक मॉडेलसाठी नवी बॅटरी डिझाइन करायची गरज नाही.

कागदावर हे झकास होतं. पण २०२३ मध्ये मॉड्यूल जुळवणाऱ्या यंत्रांनीच घोळ घातला आणि उत्पादन रखडलं. शंभर वर्षं इंजिन बनवण्याचा अनुभव इथे फारसा कामाला येत नाही, हे तेव्हा दिसलं.

बोल्टला आग का लागत होती?

फोनची बॅटरी फुगल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. ५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-तास ऊर्जा असते. पहिल्या बोल्टमध्ये होती ६० किलोवॅट-तास, म्हणजे जवळपास तीन हजार फोनइतकी! काही सेलमध्ये दोन दोष एकत्र आले : ॲनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर. सेपरेटर हा दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा पातळ पडदा. तोच नीट नसेल तर आत शॉर्टसर्किट होऊ शकतं.

२०२१ मध्ये जीएमने तोपर्यंत बनलेल्या सगळ्या बोल्ट परत मागवल्या, सुमारे १ लाख ४२ हजार. पूर्ण चार्ज करू नका आणि गाडी घराबाहेर उभी करा, असं मालकांना सांगावं लागलं. सेल एलजीने पुरवले होते. खर्चापैकी १.९ अब्ज डॉलरपर्यंतचा भार एलजीने उचलायचं मान्य केलं.

इथे बारा यांची आधीची परीक्षा आठवते. २०१४ मध्ये सदोष इग्निशन स्विचचं प्रकरण बाहेर आलं होतं. कंपनीच्या भरपाई निधीने त्यात १२४ मृत्यू मान्य केले. दोष वर्षानुवर्षं आतल्या आत दबून राहिला होता. म्हणून माझ्या मते बोल्टच्या वेळी सगळ्याच गाड्या परत घेणं महागडं असलं, तरी तेच बरोबर होतं.

मग गाडीतून फोन का काढला?

तुमच्या जिव्हाळ्याचा विषय! २०२३ मध्ये जीएमने जाहीर केलं की नव्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो मिळणार नाही. स्क्रीनवरचं सगळं सॉफ्टवेअर कंपनीचंच. यामागे दोन कारणं : चार्जिंग आणि नकाशा यांचा मेळ बसवणं सोपं जातं, आणि सबस्क्रिप्शनचा पैसा कंपनीकडे येतो. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सॉफ्टवेअरच्या अडचणींमुळे नव्या ब्लेझर ईव्हीची विक्रीच थांबवावी लागली. मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तीही किंमत कमी करून.

कामगारांचं काय?

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, म्हणजे इंजिन बनवणाऱ्यांच्या नोकरीवर टांगती तलवार. २०२३ च्या संपात हा मुद्दा ऐरणीवर होता. शेवटी बॅटरी कारखान्यातले कामगारही मुख्य करारात घ्यायला जीएम तयार झाली.

आता गाडी कुठवर आली?

जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने ध्येय ठेवलं होतं की २०३५ पर्यंत नव्या कार आणि हलक्या वाहनांतून धूर पूर्ण बंद. प्रत्यक्षात २०२४ मध्ये अमेरिकेत विकलेल्या सुमारे २७ लाख गाड्यांपैकी इलेक्ट्रिक होत्या जेमतेम १ लाख १४ हजार. कमाई अजून पेट्रोलच्या मोठ्या पिकअपमधूनच होते. सप्टेंबर २०२५ अखेर अमेरिकन सरकारची ७५०० डॉलरची करसवलत संपली, आणि पुढच्याच महिन्यात जीएमने इलेक्ट्रिक उत्पादन क्षमता आवरती घेण्यापोटी १.६ अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला. मिशिगनमधला ओरायन कारखाना इलेक्ट्रिक पिकअपसाठी राखला होता. आता तिथे पेट्रोल इंजिनाच्या गाड्या बनवायचं ठरलंय.

आपल्याशी काय संबंध?

आहे ना! पुण्याजवळ तळेगावला जीएमचा कारखाना होता. कंपनीने २०१७ अखेर भारतात विक्री बंद केली. निर्यातीसाठी तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चाललं आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. बारा यांनी त्याच काळात युरोपातला ओपेल ब्रँडही विकला. तोट्याचे बाजार सोडायचे आणि पैसा नव्या तंत्रज्ञानात घालायचा, हे गणित होतं. त्याची झळ मात्र तळेगावच्या कामगारांना बसली.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कंपनीने "अमुक सालापर्यंत सगळं इलेक्ट्रिक" अशी घोषणा केली, तर मी आधी तीन गोष्टी बघेन. बॅटरी कोण बनवतंय? आजचा नफा कशातून येतोय? आणि जुन्या कारखान्यातल्या माणसांचं काय ठरलंय? तुम्हीही हेच विचारून बघा. घोषणेत किती दम आहे ते लगेच कळेल.