बारा व्होल्टांतला आवाज

२००२ साली वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत बसवायला मी लॅमिंग्टन रोडवरून नवा स्टिरिओ आणला. दर्शनी भागावर ‘५० वॅट x ४’ असे ठसठशीत छापलेले. जोडणी मीच केली. जुन्या पद्धतीप्रमाणे स्पीकरची एकेक तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती, ती तशीच राहू दिली. बटण दाबले, खर्रकन आवाज आला आणि स्टिरिओ कायमचा गप्प झाला. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून एवढेच सांगितले, “साहेब, ह्याच्या दोन्ही तारांत करंट असतो. बॉडीला अर्थ मारायची नाही.” दोन्ही तारांत का, याचे उत्तर शोधताना मला मोटारीतल्या आवाजाचा सगळा इतिहासच उलगडावा लागला.

शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटोरोला या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या गाड्यांत बॅटरी ६ व्होल्टांची आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना मात्र दोनशेच्या आसपास व्होल्ट हवेत. आधी त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीत ठेवाव्या लागत. काही वर्षांतच व्हायब्रेटर आला. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरून बॅटरीचा प्रवाह तोडायची-जोडायची, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवायचा. पट्टी गुणगुणायची, झिजायची, बदलावी लागायची. पण बॅटरीचा दाब कमी आहे ही अडचण तिने सोडवली होती.

ट्रान्झिस्टर आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला असणार. क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ साली पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ जाहीर केला. गाड्या एव्हाना १२ व्होल्टांकडे वळत होत्या आणि ट्रान्झिस्टर थेट तेवढ्यावर चालत होता. व्हायब्रेटर गेला, पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मरही गेला. पण त्यांच्याबरोबर दाब वाढवण्याची सोयही गेली, आणि खरी गोम इथेच आहे.

हिशेब सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. आवाजाची लहर निम्मी वर, निम्मी खाली, म्हणजे शिखर फार तर ७.२ व्होल्टांचे. चार ओहमच्या स्पीकरला त्यातून साडेसहा वॅटच मिळतात. मोटारींसाठीच बनवलेली टीडीए २००३ ही प्रसिद्ध आयसी चार ओहमवर ६ वॅटच देते, तेही आवाज बराच फाटल्यावर. दोन ओहमचा स्पीकर लावला तर १० वॅट, पण प्रवाह आणि उष्णता दोन्ही वाढतात.

मग ‘ब्रिज’ जोडणी आली. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक अ‍ॅम्प्लिफायर. एक वर ढकलतो त्याच क्षणी दुसरा खाली ओढतो. स्पीकरवरचा दाब दुप्पट, म्हणून शक्ती चौपट : कागदावर २६ वॅट, प्रत्यक्षात वीसच्या आत-बाहेर. मला ही युक्ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते. तिची किंमत मात्र अशी की आवाज नसतानाही दोन्ही तारांवर बॅटरीचा निम्मा दाब उभा असतो. त्यांतली एक पत्र्याला टेकवणे म्हणजे सरळ शॉर्ट. माझा स्टिरिओ त्यानेच मेला.

राहिले ते ५० वॅट. १४.४ चा वर्ग करून चाराने भागा : ५१.८. आवाज इतका चढवला की गोल लहर कापली जाऊन चौकोनी व्हावी, तेव्हाचा हा आकडा. तो खोटा नाही, पण त्यात गाणेही नाही. मेलेल्या स्टिरिओच्या पाठीवर १० अँपिअरचा फ्यूज होता. म्हणजे १४४ वॅट आत जाणार आणि २०० बाहेर येणार! हा हिशेब दुकानातच करायला हवा होता. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आले. त्यानुसार १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्का विकृती इतक्या अटींत मोजलेलेच वॅट छापायचे. मानक ऐच्छिक होते, त्यामुळे जुने आकडे खोक्यांवरून हटले नाहीत.

ज्यांना खरोखर जास्त हवे होते त्यांनी स्टिरिओच्या आउटपुटचा नाद सोडला. अ‍ॅरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ साली मोटारीसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बनवला, आणि पुढे डिकीत बसणाऱ्या अशा पेट्यांचा धंदाच उभा राहिला. मोठी पेटी उघडली तर आत ट्रान्सफॉर्मर दिसतो. बॅटरीचा प्रवाह ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात आणि ट्रान्सफॉर्मर दाब वाढवतो. म्हणजे हकालपट्टी झालेला व्हायब्रेटरच, फक्त गुणगुण न करणारा. फिलिप्सच्या टीडीए १५६०क्यू या आयसीने कपॅसिटरमध्ये साठवलेला दाब ऐनवेळी बॅटरीच्या दाबावर चढवून ४० वॅटपर्यंत मजल मारली.

दुकानदाराने ‘जोडणी चुकीची’ म्हणून वॉरंटी नाकारली, ते बरोबरच होते. दुसरा स्टिरिओ घेतला, गालिचा उचलून प्रत्येक स्पीकरला दोन-दोन नव्या तारा ओढल्या. पुढे मित्राच्या ऑसिलोस्कोपवर मोजले, तर लहर कापली जाण्याआधी एका स्पीकरला सतरा वॅट मिळत होते. वडिलांना मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “बातम्या ऐकायला एक पुरे.”