औटकीचा हिशेब

दिवेलागण झाली, देवापुढे निरांजन लागले, की घरातली मुले हातपाय धुऊन भिंतीशी ओळीने बसत आणि परवचा सुरू होई. स्तोत्रे आणि पाढे यांत त्या वेळी अंतर नसे. वार, तिथी, नक्षत्रे म्हणता म्हणता मुले पाढ्यांवर येत आणि तिथून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी या पायऱ्या चढत अखेरीस औटकीपाशी पोचत. औट म्हणजे साडेतीन. औटकीत तिनाला साडेदहा, पाचाला साडेसतरा आणि सातला साडेचोवीस. आज साठीच्या आतील मराठी वाचकाला औट हा शब्द बहुधा समजावून सांगावा लागतो, आणि पावकीचा पाढा म्हणून दाखवणारा माणूस शोधूनच काढावा लागतो. यंत्रांनी माणसाला परावलंबी केले, कॅल्क्युलेटर आला आणि पोरांची डोकी गंजली, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. या निष्कर्षात तथ्यांश नाही असे नाही. परंतु औटकीचा इतिहास नीट तपासला, तर तो ही फिर्याद जशीच्या तशी मान्य करीत नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की ही विद्या एकट्या महाराष्ट्राची नव्हती. हिंदी प्रदेशातील पाठशाळांतून पौना, सवैया, डेढ़ा, अढ़ैया यांच्यापुढे हूँठा म्हणजे साडेतीनकी, ढौंचा म्हणजे साडेचारकी आणि पहुंचा म्हणजे साडेपाचकी शिकवीत. गुजरातेत साडेतीनकीला ऊठां म्हणत. औट, हूँठा आणि ऊठां ही एकाच कुळातील भावंडे असून, संस्कृतातील 'अर्धचतुर्थ' म्हणजे 'ज्यातील चौथा अर्धाच आहे' हा त्यांचा मूळपुरुष होय. बंगालात शुभंकराच्या नावावर चालत आलेली हिशेबाची पद्ये मुलांच्या तोंडी असत. तमिळ देशात ओसरीवरच्या शाळांतून 'एण्चुवडी' नावाची पाढ्यांची पोथी पाठ करून घेत. तिच्यात अपूर्णांकांची उतरंड एक तीनशेविसांशापर्यंत जाई, आणि त्या इवल्याशा भागालाही 'मुंदिरी' असे स्वतःचे नाव होते. भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या. पण बाजारात उभ्या राहणाऱ्या माणसाची गरज सगळीकडे तीच असल्यामुळे तिच्यावरचा उपायही सगळीकडे जवळजवळ तोच निघाला.

ती गरज कोणती, हे मापांकडे पाहिले म्हणजे कळते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. धान्य मोजताना बहुतेक ठिकाणी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी मापे एकाच्या दुप्पट दुसरे या क्रमाने चढत. ही सारी व्यवस्था अर्ध करण्यावर आणि पाव करण्यावर उभी होती. अर्ध करायला ताजवा पुरतो. त्याला लेखणी लागत नाही. सोळाचे आकर्षण फार जुने आहे. भास्कराचार्यांनी इ. स. 1150 च्या सुमारास 'लीलावती' रचली, तिच्या आरंभीच नाण्यांची कोष्टके आहेत: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे ग्रंथकर्त्याला आधी बाजार समजावून द्यावासा वाटला आणि मग गणित.

या मापांच्या जगात पाढे हे बुद्धीचे प्रदर्शन नव्हते. ते हत्यार होते. एक उदाहरण पुरेसे आहे. जितक्या रुपयांना मण, तितक्याच आण्यांना अडीच शेर, हे सूत्र वाण्याला आणि जाणत्या गिऱ्हाइकाला पाठ असे. कारण चाळिसाला सोळाने भागले तर अडीचच येतात. मणाचा भाव आठ रुपये असेल तर अडीच शेराला आठ आणे. यात कागद कुठेच येत नाही. अडीचकी ज्याला येई, त्याला फसवणे अवघड होते. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की ती गणितातून भाषेत आणि भाषेतून मनोरचनेत उतरली. माणसाचा देह औट हातांचा, मुहूर्त साडेतीन, देवीची पीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. अतिशहाण्याला आपण दीडशहाणा म्हणतो. पेशव्यांच्या घराण्यात सवाई माधवराव झाले आणि जयपूरला सवाई जयसिंह. एकाहून पाव अधिक, एवढाच त्या बिरुदाचा शब्दार्थ.

येथवरचे वर्णन वाचून कोणालाही हळहळ वाटेल. मात्र त्या हळहळीला येथेच एक प्रश्न विचारला पाहिजे: ही विद्या कोणाची होती? पंतोजीच्या शाळेत धूळपाटीवर बोट फिरवणारी मुले कोणत्या घरची होती? ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी अशा, लेखणी किंवा तराजू हाती धरणाऱ्या घरची मुले तेथे असत. कुणबी क्वचित, मुली जवळजवळ नाहीतच, आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांना त्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. औटकी ही 'लोकांची' विद्या होती असे आपण म्हणतो, तेव्हा लोक या शब्दात किती जण मावत होते हे सांगायचे राहून जाते.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेल्या त्या उठावात ठिकठिकाणी एकच गोष्ट दिसते: जमावाने मागितले ते कर्जरोखे आणि खाती, आणि हाती आल्यावर जाळले तेही कागदच. ज्याला वाचता येत नाही आणि व्याजाचा गुणाकार करता येत नाही, त्याच्यापुढे हिशेब तपासण्याचा तेवढाच एक मार्ग उरला होता. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात दस्तऐवजांची गावपातळीवर नोंदणी व्हावी, ऋणकोला पावती मिळावी आणि खात्याचा वार्षिक उतारा मागण्याचा हक्क असावा, अशी कलमे घालावी लागली. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाच्या जोडीला त्यांनी हिशेब मागितला. ही मागणी करणाऱ्याला हे नेमके ठाऊक होते, की हिशेब येणे हा व्यासंगाचा विषय नसून संरक्षणाचा आहे.

आता औटकीच्या मृत्यूकडे वळू. तिचा खून कॅल्क्युलेटरने केला, हा आरोप कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही. 1 एप्रिल 1957 रोजी भारतात दशमान नाणी चालू झाली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 1958 च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि 1962 पर्यंत शेर, मण यांची कायदेशीर सद्दी संपली. खिशात मावणारी विजेरी गणकयंत्रे जपानी कंपन्यांनी बाजारात आणली ती 1970 पासून पुढे. आपल्याकडील पेढ्यांवर ती पोचायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे यंत्र आले तेव्हा औटकी आधीच निराधार झाली होती. जितक्या रुपयांना मण तितक्या आण्यांना अडीच शेर हे सूत्र चूक ठरले नाही; त्यातला मण गेला, आणा गेला आणि शेरही गेला. संक्रमणाच्या त्या दिवसांत एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे होत असल्यामुळे कोष्टकात त्याला सहा पैसे धरत, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस. कोष्टक हातात धरून बेरीज करणारे प्रौढ त्या वर्षी आपल्याच बाजारात परके झाले. ज्यांची गणिती तयारी सर्वांत चांगली होती त्यांची अडचण सर्वांत मोठी होती, आणि ज्यांनी पाढे कधी पाठ केलेच नव्हते, त्यांच्यासाठी दहाची मोजणी तुलनेने सोपी होती. त्या बदलाने एक वारसा पुसला हे खरे. पण हिशेबाचा उंबरठाही त्यानेच खाली आणला.

येथे आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. औटकी हीसुद्धा एक युक्तीच होती. दर वेळी साडेतीनची बेरीज करीत बसण्याचे श्रम वाचावेत म्हणून आधी कोणीतरी केलेला हिशेब स्मरणात साठवून ठेवायचा, हे तिचे स्वरूप. तिच्यामुळे विचार करावा लागत नसे, हाच तिचा गुण होता. म्हणून निसर्गदत्त कौशल्य एका बाजूला आणि कृत्रिम साधन दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी करता येत नाही. फरक एवढाच, की पाठ केलेला पाढा स्वतःच्या मालकीचा असतो. तो बंद पडत नाही आणि काढून घेता येत नाही.

कौशल्य टिकते ते व्यवहाराच्या आधाराने, याचा पुरावा अगदी अलीकडेही मिळाला आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांच्या गणिताचा अभ्यास 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही मुले गुंतागुंतीचे विक्रीचे हिशेब बव्हंशी मनातल्या मनात बिनचूक करीत. पण तेच गणित पाठ्यपुस्तकाच्या रीतीने कागदावर आले की अडखळत. उलट शाळेतली मुले कागदावर बरी होती आणि बाजारात गोंधळत होती. म्हणजे मनातल्या गणिताची शक्ती या देशातून नाहीशी झालेली नाही. ती भाजीच्या टोपलीपाशी अजून जिवंत आहे, आणि आपल्या शाळेला तिची ओळख पटत नाही. ज्या समाजात पूर्वी ओसरीवरचे पाढे थेट बाजारात उतरत, त्याच समाजात शाळा आणि बाजार यांच्यामध्ये ही भिंत उभी राहिली, ही मला औटकीच्या विस्मरणापेक्षा अधिक गंभीर हानी वाटते.

आणि त्या टोपलीपाशीही बदल घडतो आहे. 2016 नंतर दूरध्वनीवरून पैसे देण्याची रीत रुळली, तसे सुटे परत करण्याचे प्रसंग विरळ होत चालले. त्र्याहत्तर रुपयांच्या मालाला शंभराची नोट दिली, की विक्रेता वजाबाकी करीत नसे. तो त्र्याहत्तरवर दोन ठेवून पंचाहत्तर म्हणे, पाच ठेवून ऐंशी, आणि वर वीस ठेवून शंभर. गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर मोजत असे. दोघांच्या डोळ्यांदेखत हिशेब पुरा होई आणि दोघेही त्याचे साक्षीदार असत. आता आकडा यंत्र सांगते आणि देणारा तो मान्य करतो. यंत्र बहुधा चुकत नाही. तथापि ते चुकले, किंवा कोणी त्याच्याकडून चूक करवून घेतली, तर ती ओळखणार कोण? एकूण किती व्हावेत याचा अदमास ज्याच्या मनात आधीच नसतो, त्याला छापील पावती आणि सावकाराची वही यांतला भेद कळण्याचे साधन राहात नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला अक्षरे आणि आकडे येत नव्हते, म्हणून त्याला दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबावे लागले. आपल्याला दोन्ही येतात, आणि तरीही आपण आपखुशीने तेथेच जाऊन बसतो आहोत.

म्हणून औटकी पुन्हा शिकवावी असे माझे म्हणणे नाही. जे माप राहिले नाही त्याचा पाढा पाठ करणे हे केवळ श्राद्ध होईल. मुलांना अदमास शिकवावा, आलेले उत्तर पडताळून पाहण्याची खोड लावावी, आणि ही खोड यापूर्वी ज्यांना लागू दिली नाही त्यांच्या मुलांना ती आधी लागावी, एवढेच म्हणणे आहे.

पंचवीस पैशांचे नाणे 2011 साली चलनातून गेले आणि पावलीचा उरलासुरला आधार संपला. तरी पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही माणसे मराठीच्या घरात अजून नांदत आहेत, मुख्यतः घड्याळाच्या आश्रयाने. पावणेआठची गाडी, सव्वासातची बस, दीडची शाळा असे आपण म्हणतो. काटे नसलेल्या घड्याळांवर वाढलेली मुले मात्र आता सात पंचेचाळीस म्हणू लागली आहेत. परवा एका मुलाला मी विचारले, पावणेआठ म्हणजे किती? त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, आठाला थोडे कमी. पाव म्हणजे नेमके किती, हे त्याला ठाऊक नव्हते. पण अदमास बरोबर होता.