दंतवैद्याचे नाव, श्वासाची वाट

२०२१ साली वांद्रे स्थानकाचा पूल चढताना माझे मेहुणे दर पाच पायऱ्यांवर थांबू लागले. करोनात बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहून ते घरी आले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येई. दमा समजून महिनाभर पंप चालला. अखेर एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिले, तर श्वासनलिकाच आवळलेली! व्हेंटिलेटरच्या नळीभोवती एक फुगा असतो. त्याचा दाब जास्त पडला, तर अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते आणि भरताना ती जागा आकसते. मेहुण्यांना सिलिकॉनचा स्टेंट बसवला. बोलता येऊ लागल्यावर त्यांनी विचारले, "दुल्हाभाई, हा स्टेंट म्हणजे कोण?"

शब्दांवर जगणाऱ्या माणसाला एवढा प्रश्न पुरतो. मी शोधू लागलो.

चार्ल्स स्टेंट हा लंडनचा दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने १८५६ साली एक सुधारित लगदा तयार केला. पहिल्या महायुद्धात योहानेस एसर या डच शल्यविशारदाने जखमी सैनिकांवर लावलेली कातडी जागेवर धरून ठेवायला तोच लगदा वापरला. पुढे शरीरात आधार देणाऱ्या वस्तूला दंतवैद्याचेच नाव चिकटले.

श्वासनलिकेसाठी १९६५ मध्ये अमेरिकेच्या विल्यम माँटगोमेरी यांनी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची नळी आणली. पण तिला गळ्याला छेद द्यावा लागे. १९९० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या ज्याँ-फ्रान्स्वा द्युमाँ यांनी तोंडावाटे बसवता येणारा सिलिकॉनचा स्टेंट मांडला. तो घसरू नये म्हणून बाहेरून बारीक गुंड्या. तरीही तो कधी सरके, कधी कफाने तुंबे.

मग धातूच्या जाळीचे स्टेंट आले. बसवायला सोपे, म्हणून सर्वांना आवडले. पण जाळीतून मांस वाढे, तारा तुटत, आणि काढायला गेले तर नलिकाच फाटण्याची भीती. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावले: कर्करोग नसलेल्या रुग्णांत दुसरा कुठलाही उपाय उरला नसेल, तरच हे वापरा.

मला वाटते, या इतिहासाचे सार इथेच आहे. स्टेंटची खरी परीक्षा तो बसवताना होत नाही, काढताना होते. पुढच्या संशोधकांनी हा धडा घेतला. २०१२ मध्ये मिशिगन विद्यापीठात एका तान्ह्या बाळाच्या श्वासनळीला बाहेरून आधार देणारे, कालांतराने शरीरातच विरघळणारे वेष्टन त्रिमितीय छपाईने बनवले गेले. सीटी स्कॅनवरून एकेका रुग्णाच्या मापाचे सिलिकॉन स्टेंट घडवण्याचीही सोय आता झाली आहे.

मेहुण्यांचा स्टेंट दीड वर्षाने काढला. नलिका उघडी राहिली. आता आम्ही दोघे तोच पूल चढतो. मध्ये एकदा थांबावे लागते. पण ते माझ्या गुडघ्यांसाठी!