परळच्या सहा खोल्या : प्लेगने गोदामांना शिकवलेला धडा

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी ही बंदरालगतची धान्याची पेठ. खाली पोत्यांनी भरलेल्या वखारी आणि वर माणसांची दाटी. साथ उघड होण्याआधीच तेथे उंदीर मरून पडू लागले होते. त्या खुणेचा अर्थ पुरता लागायला मात्र सुमारे दहा वर्षे गेली.

२/ सरकारचे लक्ष माणसांकडे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. पुण्यातील जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली, हे आपण जाणतोच.

३/ १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले, की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा रोग पुढे नेतात. पुष्कळ तज्ज्ञांना हे पटले नाही.

४/ १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत परळ येथे प्रयोग आरंभले. सहा लहान खोल्या बांधल्या. फरक केवळ छपरांत. दोहोंवर गावठी नळीची कौले, दोहोंवर चपटी कौले, दोहोंवर नालीदार पत्रा. छपराखाली तारेची जाळी होती. तिच्यातून उंदीर खाली येऊ शकत नव्हता, पिसू मात्र येऊ शकत होती.

५/ खोल्यांत रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. कौलांखाली, जेथे पिसवा पोहोचल्या, तेथे निरोगी प्राण्यांनाही प्लेग झाला. पत्र्याखाली पिसवा नव्हत्या. तेथे रोग्यांच्या सहवासात राहूनही निरोगी प्राणी वाचले.

६/ दुसरा प्रयोग उंचीचा. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यात रोग शिरला. दोन फुटांवरचा पिंजरा सुरक्षित राहिला. पिसवेची उडी तेवढी उंच जात नाही.

७/ निष्कर्ष स्पष्ट होता: उंदराला थारा देणारी इमारत हाच धोका. मुरबाड तालुक्यातील टोकावड्याकडच्या भातकरी घरांना हे सहज उमगेल. शेणामातीने लिंपलेली कणगी उंदरापासून दाणा राखते. पण डोक्यावरच्या नळीच्या कौलांत त्याच उंदराला घर मिळते.

८/ आज याच ठाणे जिल्ह्यात भिवंडीची अफाट गोदामे उभी आहेत. तेथेही नियम तेच: उंच जोते, दारांच्या तळाशी पत्रा, झरोक्यांना बारीक जाळी, बुजवलेल्या फटी. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे लेंड्या आणि कुरतडल्याच्या खुणा वेळीच दिसतात. विष आणि सापळे यानंतर येतात. वाट उघडी राहिली तर मेलेल्या उंदराची जागा दुसरा घेतो.

९/ १८९७ मध्ये माणसांचे काखा-जांघा तपासणाऱ्यांनी डोक्यावरचे छप्पर तपासले असते, तर किती घरे वाचली असती, हा प्रश्न त्या सहा खोल्यांनी इतिहासापुढे ठेवला आहे.