शॉकवेव्ह थेरपी म्हणजे काय? जुन्या मानदुखीवर ती किती कामाची?

नावात ‘शॉक’ असला तरी या उपचारात विजेचा झटका बसत नाही. शॉकवेव्ह म्हणजे दाबाची लाट. आवाजासारखीच, फक्त खूप जोरदार आणि क्षणभराची. हे तंत्र आधी मुतखड्यासाठी आलं. विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर या जर्मन कंपनीच्या यंत्राने १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका पेशंटचा मुतखडा चिरफाड न करता फोडला. स्नायूंच्या दुखण्यावर त्याचा वापर नंतर सुरू झाला.

यंत्रं दोन प्रकारची असतात. फोकस्ड यंत्र ठरावीक खोलीवर लाट एकवटतं. रेडियल यंत्रात दाबाखालच्या हवेने धातूचा छोटा तुकडा नळीतून धावतो आणि टोकावर आदळतो. तो दणका त्वचेतून आत पसरतो आणि खोल जाता जाता कमी होतो. खरं तर ही शॉकवेव्ह नाहीच, साधी दाबलहर आहे! पण ब्रोशरवर नाव तेच.

दिवसभर लॅपटॉप आणि रात्री मोबाईल, त्यामुळे माझीही मान दोन वर्षं धरलेली. मी रेडियलची तीन सेशन घेतली. पाचेक मिनिटं टकटक, थोडं दुखतं, मग दोन-तीन दिवस मान हलकी. त्या हलक्या दिवसांत फिजिओने दिलेले व्यायाम नीट जमले, आणि माझ्या मते या यंत्राचा खरा उपयोग एवढाच. मुतखडा फुटतो तशी स्नायूतली ‘गाठ’ फुटत नाही, ती दगड नसतेच. टाचदुखीवर शॉकवेव्हचा जितका अभ्यास झालाय, तितका मानेवर नाही. मानेवरचे अभ्यास छोटे आणि थोड्या काळाचे आहेत. म्हणूनच एका क्लिनिकने व्यायामाचं नावही न काढता दहा सेशनचं पॅकेज पुढे केलं, तेव्हा मी उठून आलो.

मानेच्या पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तिथे हे लावत नाहीत. खांद्याच्या वरच्या भागाखाली फुप्फुसाचं टोक येतं, त्यामुळे दिशा सांभाळावी लागते. गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा कॅन्सरची गाठ असेल तर आधीच सांगा. हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं यातलं काही असेल तर यंत्र राहू द्या, आधी डॉक्टर.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: यंत्र कुठलं, सोबत व्यायाम कोणते, आणि फरक नाही पडला तर कितव्या सेशनला थांबायचं?