कपाळावरून नाक, उजवीकडून डावीकडे झडप

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने कावसजी नावाच्या मराठी माणसाची हकीकत छापली. तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत असे. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात गेला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा नमुना करून तेवढंच कातडं त्याच्या कपाळावरून सोडवलं. भुवयांमधला दांडा मात्र जोडलेला ठेवला आणि कातडं खाली वळवून नाकाच्या जागी बसवलं. दांड्यातून रक्त येत राहिलं म्हणून ते जगलं. त्या हकीकतीत या कारागिराचं नाव दिलेलं नाही, याची खंत वाटते.

हृदयाची बिघडलेली झडपही रुग्णाच्याच शरीरातला तुकडा वापरून बदलता येते, पण तिथे अशी दांड्याची सोय नसते.

1969 मध्ये लीड्सला मारियन आयोनेस्कू यांनी रुग्णाच्याच मांडीतल्या चिवट पडद्यापासून झडपा शिवल्या. काही वर्षांत पाती जाड होऊन आखडली आणि ती वाट सोडावी लागली. डोनाल्ड रॉस यांनी दोन वर्षं आधीच, 1967 मध्ये, लंडनला वेगळा मार्ग काढला होता. महाधमनीची बिघडलेली झडप काढायची, रुग्णाचीच फुप्फुसधमनीची निरोगी झडप तिथे बसवायची आणि रिकाम्या जागी मृत दात्याची झडप शिवायची. फुप्फुसधमनी हृदयाच्या उजव्या बाजूला असते आणि तिथे रक्ताचा दाब कमी, त्यामुळे दात्याची झडप तिथे जास्त टिकते. डावीकडे आलेली स्वतःची झडप जिवंत राहते, लहान मुलात तर त्याच्याबरोबर वाढते. रक्त पातळ ठेवणारी गोळीही जन्मभर घ्यावी लागत नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावात या शेवटच्या गोष्टीचं मोल फार मोठं आहे. धातूची झडप बसवलेल्या माणसाला वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवता येत नाही आणि त्यासाठी रक्ततपासणीच्या खेपा सुटत नाहीत.

पण आपल्याकडे झडपा बिघडवणारा मोठा शत्रू रुमॅटिक ताप आहे. दिल्लीच्या एम्समध्ये ए. संपत कुमार यांनी अशा रुग्णांवर रॉस शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा तरुणांमध्ये तोच आजार नव्या जागी बसवलेल्या झडपेलाही गाठतो, हे दिसलं. शिवाय हा ताप बहुतेकदा आधी मिट्रल झडप धरतो आणि रॉस यांची शस्त्रक्रिया महाधमनीच्या झडपेसाठी आहे. 2007 पासून जपानचे शिगेयुकी ओझाकी रुग्णाच्याच हृदयावरच्या आवरणातून पाती कापून बसवू लागले, तीही महाधमनीच्याच झडपेची.

म्हणून रिठदच्या ज्या मुलाला हा ताप येऊन गेला असेल, त्याला तो पुन्हा येऊ नये यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं मिळत राहायला हवं.