गोळीवांचून नेमबाजी



पनवेलजवळची कळंबोली आपल्यापैकीं बहुतेकांना माहीत आहे ती तिच्या लोखंडबाजारामुळें आणि महामार्गावरून रात्रंदिवस धांवणाऱ्या मालमोटारींमुळें. सिडकोनें वसविलेल्या या वसाहतींतल्या एखाद्या लहानशा घरांत मुलीनें एके दिवशीं म्हटलें, "मला रायफलीची नेमबाजी शिकावयाची आहे," तर आईबापांच्या मनांत काय येईल? हा राजेरजवाड्यांचा खेळ. आपल्या मिळकतींत तो कसा बसावा? ही शंका खोटी नाहीं. परंतु या खेळाचा इतिहास पाहिला, तर तो स्वस्तांतल्या सरावावरच वाढलेला दिसतो. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

युद्धांतल्या रायफलीची गोळी फार दूर जाते. तिच्यासाठीं लांबलचक मैदान हवें, लक्ष्यामागें मातीचा उंच बांध हवा, आणि काडतुसांचा खर्च वेगळाच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत एक युक्ति निघाली. मोठ्या रायफलीच्या नळींत एक बारीक नळी बसवावयाची आणि तींतून लहान, स्वस्त काडतूस उडवावयाचें. हिला 'मॉरिस ट्यूब' म्हणत. पुढें १८९९ मध्यें बोअर युद्ध सुरू झालें, आणि शेतकरी बोअरांच्या अचूक नेमानें इंग्रजांचे डोळे उघडले. १९०१ सालीं तेथें कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था स्थापन झाली. लॉर्ड रॉबर्ट्स यांचा तिला पाठिंबा होता. दिवसभर राबणाऱ्या माणसानें संध्याकाळीं छपराखालीं, थोड्या अंतरावर, लहान काडतुसांनीं नेम धरावा, ही त्या चळवळीची कल्पना होती.

इकडे आपल्या देशांत मात्र उलटा प्रकार होता. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें हिंदी माणसाच्या हातीं परवान्याशिवाय बंदूक राहूं दिली नाहीं. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. त्यामुळें नेमबाजी संस्थानिक, लष्कर आणि अंमलदार यांच्यापुरतीच उरली. 'हा खेळ आपला नव्हे' ही समजूत केवळ गरिबीनें झालेली नाहीं. तिच्या मुळाशीं हा कायदाहि आहे.

स्वातंत्र्यानंतर हें दार हळूहळू उघडलें. १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एन. सी. सी., स्थापन झाली आणि महाविद्यालयांतल्या सामान्य घरच्या मुलांच्या हातीं सरकारी रायफल आली. १९५१ सालीं नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापति म्हणून आपण त्यांना ओळखतों. नेमबाजीच्या स्पर्धांतूनहि त्यांचें नांव आज चालत आलें आहे. पुढें १९५९ सालीं शस्त्रकायदा नव्यानें करण्यांत आला.

खर्चाची मोठी अडचण हवेच्या रायफलीनें दूर केली. तिला दारू लागत नाहीं. दाबलेल्या हवेनें साडेचार मिलिमीटरांचा छर्रा सुटतो. अंतर अवघें दहा मीटर, म्हणून एखादें सभागृहहि पुरें पडतें. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून या प्रकाराला तेथें स्थान मिळालें. अंतर थोडें म्हणून खेळ सोपा, असें मात्र कोणीं समजूं नये. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो!

आतां आपल्याकडचीं माणसें पाहा. मुंबईच्या अंजली भागवत एन. सी. सी. मधून या खेळाकडे वळल्या आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर तयार झाल्या. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें त्यांनीं अंतिम फेरी गाठली. २००४ सालीं अथेन्सला सुमा शिरूर यांनीं तोच पल्ला गाठला. पनवेलच्या परिसरांत नेमबाजी शिकविणारा क्लब त्यांनींच काढला, म्हणजे कळंबोलीच्या मुलीला गुरु शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. आणि राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे! वडील शिक्षक, मुलाच्या या खेळासाठीं त्यांनीं कर्ज काढलें. मुलगा सरकारी क्रीडा प्रबोधिनींत शिकला, मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस झाला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसला ४५१.४ गुण मिळवून त्यानें कांस्यपदक घेतलें. १९५२ सालीं खाशाबा जाधवांनीं मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचें हें पहिलेंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मग घरीं काय करतां येईल? नेमबाज ज्याला 'ड्राय फायरिंग' म्हणतात तो सराव, म्हणजे रिकाम्या रायफलीनें चाप ओढणें. दहा मीटरांच्या लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटर रुंद असतो. पांच मीटरांवर त्याच्या निम्म्या मापाचें चित्र लाविलें, तर डोळ्याला तें तेवढेंच दिसतें. चित्राचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंच ठेवावा. खांद्याशीं टेकलेल्या रायफलीच्या टोकाची केसाएवढी हालचाल दहा मीटरांवर सुमारें दहापट होते. गोळी सुटली म्हणजे धक्क्यांत ती चूक झांकली जाते. रिकाम्या रायफलींत ती उघड दिसते. म्हणून चाप ओढल्यावरहि क्षणभर नेम तसाच धरून ठेवावा. उभें राहण्याची ढब, श्वास आणि बोटाचा दाब हीं तिन्ही अशा रीतीनें विनाखर्च सुधारतात. मात्र प्रत्येक वेळीं नळी रिकामी असल्याची दोनदां खात्री करावी, आणि नळी माणसाकडे कधींहि वळवूं नये. २०२० च्या टाळेबंदींत मैदानें बंद पडलीं, तेव्हां नामांकित नेमबाजांनींहि घराच्या भिंतीसमोर उभें राहून असाच सराव केला.

याला मर्यादा आहेत हें मीं लपवीत नाहीं. पन्नास मीटरांवरचा वारा आणि स्पर्धेंतली छातीची धडधड घरांत भेटत नाहींत. त्यासाठीं मैदान, गुरु आणि गोळ्या लागतातच. आणि तेथें एकट्या बापाच्या कर्जावर भार न टाकतां छात्रसेना, प्रबोधिनी आणि क्लब यांसारख्या संस्थांनीं हात द्यावयास हवा. पण पदरचा पैसा गोळींत घालण्यापूर्वीं पदरचा वेळ नेमांत घालावा. कळंबोलीच्या त्या घरांत पांच मीटरांची मोकळी जागा आणि रोजचा अर्धा तास निघाला, तर आरंभ करण्यास तेवढें पुरेसें आहे.